तीन इंची नळी

२१ सप्टेंबर १९८६, रविवार

ऑर्लेना रूथ मेसर पेंबर्टन,

तुझे संपूर्ण नाव लिहिण्याचे कारण असे की, काल दफनभूमीत तुझा दगड बसवला आणि कोरणाऱ्याने त्यावरून 'रूथ' गाळले आहे. मी ते त्याच्या निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, "सर, पेंबर्टन फार लांब पडलं. जागाच उरली नाही." म्हणजे माझ्या नावापायी तुझे नाव तोकडे झाले. निदान या कागदावर तरी ते पुरते असावे.

पत्राचे प्रयोजन मात्र निराळे आहे. मी एक रिव्हॉल्व्हर विकत घेणार आहे आणि त्याबाबत तुझे मत घेण्याची सवय अजून सुटलेली नाही.

चर्चनंतर होबर्ट आला होता. तुझा भाऊ सहसा टोपी काढत नाही. आज त्याने ती काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हाच विषय गंभीर असल्याचे मी ओळखले.

"जेवलात का, मास्तर?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"घेवडा होता."

"म्हणजे डबा फोडलात. गरम तरी केलात का?" त्याने ओसरीवर पडलेल्या तुझ्या कुत्रीकडे, डायडोकडे पाहिले. मग म्हणाला, "तेरा ऑक्टोबरला अस्वलांचा सीझन उघडतोय. बाबांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

नियम मला ठाऊक आहे. डोंगरातल्या तुझ्या बाबांच्या शिकारी खोपटाच्या किल्ल्या घरटी एक जुडगा अशा वाटलेल्या: एक किल्ली साखळीच्या फाटकाची, एक दाराची. ज्या घरचा माणूस अस्वलामागे लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत शिरतो, त्या घराकडे जुडगा राहतो. सबंध सीझनमध्ये कोणी शिरले नाही, तर जुडगा होबर्टच्या घरच्या खिळ्यावर परत जातो. शिवाय, ज्याच्या कुत्र्याने पहिल्यांदा माग उचलला, त्याच्याच घरचे माणूस आत जाणार. दुसऱ्याने जाणे म्हणजे त्या घराचा अपमान. आपल्या घरातून इतकी वर्षे तू जात होतीस.

"बाबांनी सख्ख्या भावाची किल्ली काढून घेतली होती," होबर्ट म्हणाला. "मी तुमच्यासाठी नियम मोडला, तर बाकीचे मला सोलून खातील."

"नियम मोडावा असे मी म्हटलेले नाही."

"तेच तर दुखणं आहे. तुम्ही कधी काही म्हणतच नाही."

मग मी म्हटले की, आत मी जाईन. त्याने टोपी उलटसुलट केली आणि विचारले, "कशाला? अस्वलाला लॅटिन शिकवायला?" हसला मात्र नाही.

ऑर्लेना, त्या खोपटात मला काय हवे आहे, ते स्पष्ट लिहितो. खिडकीखाली तुझी खाट आहे, खिळ्यावर तुझा कॅनव्हासचा कोट आहे; परंतु केवळ तेवढ्यासाठी नव्हे. गावात मी दुकानात शिरलो की लोक आवाज खाली आणतात आणि हवापाण्याचे बोलू लागतात. खोपटात तसे करत नाहीत. ऑगस्टमध्ये छप्पर दुरुस्त करायला आम्ही गेलो होतो, तेव्हा एकाने हातोडी अंगठ्यावर मारून घेतली आणि दुसरा ओरडला, "ऑर्लेना असती तर खिळ्याची माफी मागायला लावली असती!" सगळे मोठ्याने हसले. तुझ्याबद्दल अजून मोठ्याने बोलले जाते अशी ती एकच जागा पृथ्वीवर उरली आहे. ती गेली तर माझ्याजवळ फक्त दगड राहील, आणि दगडावरचे नाव अपुरे आहे.

तुझे रिव्हॉल्व्हर वापरता आले असते. ते तू डेल्फाला दिलेस. भाचीला द्यावे यात गैर काही नाही. ती उत्तम नेमबाज आहे. मला का दिले नाहीस, एवढे मात्र मी विचारू शकलो नाही, आणि आता विचारण्याची सोय नाही.

दगडाजवळ मी तुझ्या उजव्या बाजूसच उभा राहिलो. डाव्या बाजूला उभे राहून काही बोलण्याची मला सवय नाही.

तुझा,
एमरी

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय ऑर्लेना,

खरेदी झाली. कोणत्या विचाराने झाली, ते नोंदवतो.

ॲस्बरीच्या दुकानात खिळे आणि बियाणे ओलांडून मागच्या काचेपाशी गेलो. त्याने पहिल्यांदा एक चकचकीत, सहा इंची नळीचे काढले. "हे बघा, मास्तर! हे नुसतं दाखवलंत तरी अस्वल हात वर करील."

मी त्यास सांगितले की, अस्वलाचे हात वर झालेले मला पाहावयाचे नाहीत. तू जाळीतून परत येत असस, तेव्हा तुझ्या कोटाची कोपरे फाटलेली असत आणि पोटावर चिखल असे. पायांवर उभे राहून तिथे कोणी जात नाही, हे मला तुझे कपडे धुताना समजले होते. लॉरेलच्या फांद्या गुडघ्याच्या उंचीवर एकमेकींत विणलेल्या. रायफल तिथे वळतच नाही. लांब नळी जमीन नांगरते, तिच्या तोंडात माती भरते, आणि पालथे पडलेल्या माणसाला ती वेळेवर बाहेर ओढता येत नाही. शिवाय अंतर असते आपल्या जेवणाच्या टेबलाएवढे, आणि मधे कुत्री. दूरवर अचूक मारण्याची तिथे गरज नसते. दोन कुत्र्यांच्या मधल्या फटीत नळीचे तोंड नेऊन धरावे लागते. हा सर्व युक्तिवाद आखूड नळीच्या बाजूचा आहे.

विरुद्ध बाजूही मी विचारात घेतली. मॅग्नम काडतुसात दारू पुष्कळ असते आणि तिला जळायला नळीची लांबी लागते. आत जळत नाही ते बाहेर जळते. त्यामुळे गोळीचा वेग घटतो आणि ज्वाला व आवाज वाढतात. वजन कमी म्हणून हातात उसळीही अधिक.

काडतुसाबाबत ॲस्बरीचे मत तीनशे सत्तावन्न मॅग्नमकडे झुकलेले होते. "तुमचा हात बाईमाणसासारखा आहे, राग मानू नका. झाडावर चढलेल्या अस्वलाला हे रग्गड झालं."

"आणि जमिनीवर उभ्या ठाकलेल्या?"

"मग चव्वेचाळीस मॅग्नम, त्याहून मोठं. जड, कडक शिशाची गोळी. पण चार इंची घ्या. माझ्या आजीनं विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं."

माझ्यासमोर काचेवर शेवटी दोन राहिली: चव्वेचाळीसचे चार इंची आणि त्याच काडतुसाचे तीन इंची. मी तीन इंची उचलले.

"अहो मास्तर, एका इंचानं लॉरेलमध्ये काय अडणार आहे? याचा आवाज लई वाईट. कानशिलात बसल्यासारखा."

"कानात बोळे घालता येतात."

"जाळीत? बोळे घालून?" तो दुकानभर ऐकू जाईल असा हसला. "मग अस्वल कुठं आहे ते कुत्री काय चिठ्ठी लिहून कळवणार?"

मी म्हटले की, मी पूर्ण विचार केलेला आहे, आणि हे हातात नीट बसते.

तुझे काय मत पडले असते, ते मला माहीत आहे. तुझी नळी चार इंचांहून थोडी अधिक होती, आणि तीसुद्धा तुला आखूड वाटे. एकोणिसाव्या वर्षी, आपली भेट होण्यापूर्वी, तू खडकाच्या छताखाली एकदा चाप ओढलास आणि डावा कान गमावलास. एका कानाच्या माणसाला कुत्रे भुंकलेले ऐकू येते, पण ते कोणत्या दिशेला भुंकते आहे हे समजत नाही. म्हणून तर मी खिंडीत ट्रकपाशी वायरलेस घेऊन उभा असे आणि तुला सांगे: डायडो पश्चिमेच्या कड्याखाली आहे, लांब हेल काढते आहे, चालत राहा, आता आवाज तुटक झाला, अस्वल थांबले, आत शीर. तू म्हणस, "एमरी, तू माझा डावा कान." मी ते विनोद म्हणून घेत असे.

असो. रिव्हॉल्व्हर खणात ठेवले आहे. काडतुसे स्वतंत्र ठेवली आहेत.

तुझा,
एमरी

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ऑर्लेना,

मागच्या पत्रात मी जे लिहिले ते असत्य नव्हते, परंतु पुरतेही नव्हते. हातात ते मुळीच नीट बसत नाही. मूठ लहान आहे आणि होबर्टच्या शेतात सराव करताना अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली.

तीन इंचाचे खरे कारण तुझा कोट आहे.

तू जूनमध्ये गेलीस, तेव्हापासून डायडोने तोंड उघडलेले नाही. खाते, ओसरीवर पडते, परंतु भुंकत नाही. होबर्टने दोनदा तिला डोंगरावर नेले. ती ट्रकखाली जाऊन बसली. माग काढणारी कुत्रीच गप्प असेल, तर आपल्या घरचे माणूस आत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून सप्टेंबरअखेर मी खोपटातून तुझा कोट आणला आणि अंगात घातला. तो खांद्यांत आवळतो. छातीवर रिव्हॉल्व्हरची चामड्याची पिशवी बांधली तर बटणे लागत नाहीत. उरतो तो आतला खिसा, तू मक्याची भाकरी ठेवण्यासाठी शिवलेला. मोजपट्टीने मोजला. चार इंची नळी ठेवली तर मूठ बाहेर राहते आणि कोट मिटत नाही. तीन इंची मावते.

कोट घालून मी ओसरीवर गेलो, तेव्हा डायडो उठली. तिने बाही हुंगली, कोपराची ठिगळे हुंगली, मग सावकाश चालत जाऊन ट्रकच्या मागच्या फळीपाशी उभी राहिली. तिची फसवणूक झाली असे मी मानत नाही. आत कोण आहे, ते तिने वर पाहून तपासले होते.

काल होबर्टने मला त्या कोटात पाहिले. "आता बाईच्या कोटात शिकारीला जाणार का, मास्तर? हॅट पण घाला की फुलांची." त्यानंतर तो बराच वेळ ट्रकचे चाक तपासत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "गळ्याचं बटण लावा. उघडा कोट तिला आवडायचा नाही." आणि स्वतःच लावले.

दुपारी डेल्फा आली. ती शाळेची बस चालवते, बस घरापाशी लावते आणि तशीच गणवेशात फिरते; आज रविवार असूनही तेच जाकीट. तिने भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले तुझे रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवले.

"काका, या सीझनपुरतं हे न्या. ते तीन इंची धूड परत करा ॲस्बरीला."

"ते तुला दिलेले आहे."

"मला दिलंय म्हणूनच मी देतेय ना!"

"तिला मला द्यावयाचे असते, तर तिने दिले असते."

"काका, आत्यानं ते का नाही दिलं, तर..."

"डेल्फा, कॉफी घेणार?"

"तुम्ही ना! नको. तुमची कॉफी म्हणजे ओढ्याचं पाणी, फक्त जास्त गरम." रिव्हॉल्व्हर तिने पुन्हा फडक्यात बांधले. दारातून वळून म्हणाली, "निदान बोळे तरी घाला कानात."

घालणार आहे. मेणाचे घेतले आहेत. सरावात ते उत्तम चालले.

तिचे वाक्य मी का तोडले, हे तू समजशील. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता असे काही तिच्या तोंडून आले असते, तर मला ते डोंगरावर घेऊन जावे लागले असते.

तुझा,
एमरी

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ऑर्लेना,

सर्व काही ठरल्याप्रमाणे पार पडले. काल सकाळी डायडोने उत्तरेच्या धारेवर माग उचलला. अस्वल जमिनीवरच, खडकाच्या छताखाली अडले. मी आत गेलो. एका गोळीत काम झाले. मोठा नर होता. मांस घरोघर वाटले. आपला वाटा मी चर्चच्या स्वयंपाकघरात दिला.

नियमाप्रमाणे जुडगा आपल्याकडे राहिला आहे. होबर्टने सर्वांसमक्ष तो माझ्या हातात ठेवला. थरांचा सफरचंद-केक कोणाच्या तरी बायकोने पाठवला होता. तुझ्याविषयी बरेच बोलणे झाले असावे.

डायडोचा आवाज परत आला आहे. त्याविषयी सवडीने लिहीन. आज थोडी कणकण आहे.

तुझा,
एमरी

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ऑर्लेना,

'झाले असावे' हे शब्द तुझ्या नजरेतून सुटले नसते. तू ते वाक्य पुन्हा वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले असतेस. म्हणून त्या दिवसाची हकिगत नीट लिहितो.

खडकाच्या अलीकडे होबर्ट थांबला. म्हणाला, "तुमची कुत्री, तुमचं अस्वल. जा." मी कानांत मेणाचे बोळे घातले आणि लॉरेलखाली शिरलो. तुझ्या कोटाच्या कोपरांना ती वाट माहीत असावी. मी केवळ मागे मागे जात होतो.

आत अंधार होता. पुढे अस्वलाचे काळे डोके डावीउजवीकडे हलत होते आणि त्याच्याभोवती चार पट्टेरी कुत्री. सारी एकाच रंगाची, एकाच घराण्याची. त्यांत डायडो कोणती, ते मला दिसेना. मी तिला आयुष्यभर खिंडीतून, आवाजावरून ओळखत आलो; अशा घोळक्यात पाहून ओळखण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. बोळ्यांमुळे कानांत पाण्याखाली असल्यासारखे वाटत होते. फक्त तोंडे उघडत होती. तिला न ओळखता गोळी झाडावी कशी? परंतु तेवढेच कारण नव्हते. जूनपासून ती गप्प होती आणि आता माझ्यासमोर हाताच्या अंतरावर बोलत होती. मी बोळे काढले. भाकरीच्या खिशात ठेवले.

ऑर्लेना, मी तिला ऐकले. खिंडीपर्यंत पोहोचतो तो आवाज नुसती बातमी असते. तिथे आत ती छातीत वाजते. प्रत्येक भुंकण्याच्या शेवटी तिचा श्वास आत ओढला जातो, त्याचाही एक बारीक सूर आहे. तो डोंगरापलीकडे कधी येत नाही. तू तो ऐकत असस आणि मला त्याविषयी कधी बोलली नाहीस. किंवा सांगता येण्याजोगा तो नव्हता. मी किती वेळ ऐकत राहिलो, मला माहीत नाही. मग अस्वल दोन कुत्र्यांवरून सरळ माझ्याकडे आले आणि मी चाप ओढला.

तीन इंचांच्या नळीतून निघालेली ज्वाला मी पाहिली. आवाज ऐकला असे म्हणता येत नाही. वरचा खडक आणि तो आवाज मिळून एक भिंत झाली आणि ती माझ्यावर पडली. अस्वल माझ्या हातांशी पडले होते. डायडो त्याच्या मानेपाशी उभी राहून माझ्याकडे पाहत भुंकत होती; तिचे तोंड उघडत होते, मिटत होते. नंतर होबर्टचेही तसेच.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवले. उजवा कान गेला. डाव्यात माणसांचे जवळचे बोलणे येते. दूरचे आणि बारीक परत येणार नाही. बोळे घातले असते तर, असे त्यांनी लिहिले आणि पुढचे खोडले.

मी कोणाला सांगितले नाही. तीन आठवडे सर्दी झाल्याचे भासवले. काल होबर्टने मला नेहमीप्रमाणे खिंडीत उभे केले. माझ्या विनंतीवरून आत डेल्फा जाणार होती. समोरचे सगळे डोंगर गप्प होते. ऑर्लेना, मी त्या खिंडीत हे असे कधी अनुभवले नाही. वायरलेस कानाला घट्ट लावला तेव्हा होबर्टचा प्रश्न समजला: "मास्तर, कुठं आहे ती?"

मी म्हणालो, "पूर्वेच्या कड्याखाली." गेल्या वर्षी ती तिथे होती.

ती पश्चिमेला होती. सगळे चुकीच्या धारेवर गेले, आणि ते परत फिरेपर्यंत डायडोने एकटीने अस्वल अडवून धरले. खांद्यापासून कोपरापर्यंत फाटली आहे. होबर्टने खोपटातल्या टेबलावर मासेमारीच्या दोऱ्याने तिला शिवली. मी तिचे डोके धरले होते. ती वाचेल, असे तो म्हणतो.

शिवून झाल्यावर मी हात धुवायला वळलो. त्यानंतर डेल्फाने माझ्या दंडाला हात लावला म्हणून मी मागे पाहिले. सगळे उभे राहून माझ्याकडे बघत होते. होबर्टच्या हातात अजून सुई होती. त्याने मला पाठीमागून पुन्हा पुन्हा विचारले होते म्हणे: "मास्तर, तुम्हाला ऐकू येतंय का?"

तुझा,
एमरी

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ऑर्लेना,

सीझनचा पहिला भाग आज संपला. मी काही गोष्टी मार्गी लावल्या आहेत.

रिव्हॉल्व्हर ॲस्बरीने परत घेतले. काचेखाली मखमलीवर त्याच जागी ठेवले. तो आता माझ्याशी ओरडून बोलतो, त्यामुळे त्याचे दुःखही गावभर ऐकू जाते. "मी म्हणालो होतो ना, चार इंची घ्या!" त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्याला सांगितले की, त्याची शिफारस योग्य होती आणि माझीही कारणे होती.

गुरुवारी डेल्फाकडे गेलो. डायडो लंगडत दारापर्यंत आली. ती आता तिथेच राहील. मी तुझा कोट तिच्यासाठी चुलीपाशी अंथरून दिला. मग मी डेल्फाच्या टेबलाशी बसलो, आणि तिला माझ्या डाव्या हाताला बसण्यास सांगितले.

"डेल्फा, त्या दिवशी मी तुझे वाक्य तोडले होते. ते पूर्ण कर."

"राहू द्या ना काका आता."

"कृपा करून."

तिने खुर्ची जवळ ओढली. "आत्याला शेवटच्या आठवड्यात धाप लागायची. तरी मला बसवून घेतलं आणि म्हणाली, हे तू ठेव. एमरीच्या हाती लागू देऊ नकोस. मी गेले की तो माझ्या जागी आत जायला बघेल, ओळखते मी त्याला. त्याचे दोन्ही कान राहू देत. मी त्या डोंगरात नुसती शिरायचे, पोरी; डोंगर ऐकला तो त्यानं." ती थांबली. "आणि म्हणाली, डायडो कुठं आहे ते सांगायला माझ्यामागं कुणीतरी पाहिजे."

मी म्हटले, "समजले."

"काका, मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं."

"मी कॉफी विचारली होती. तू सभ्यपणे नको म्हणालीस."

ती रडता रडता हसली. नंतर कॉफी तिने केली. ती पुष्कळ चांगली होती.

मला वाटत होते, तू ते मला दिले नाहीस म्हणजे काही उणे होते. उणे काही नव्हते. तुला माझे जे हवे होते तेच मी खर्चून बसलो, तुझी जागा राखण्यासाठी.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. तू रोज चांगला कान उशीत दाबून झोपत असस. दिवा मालवल्यावर मी तुझ्या बहिऱ्या कानाशी पुष्कळ बोलत असे. जे दिवसा तोंडातून निघत नसे ते. मला वाटे, त्या बाजूला शांतता आहे आणि मी शांततेशी बोलतो आहे. आता मला ठाऊक झाले की तिथे शांतता नसते. तिथे एक बारीक, न थांबणारा सूर असतो. तू तीस वर्षांत त्याची तक्रार केली नाहीस. त्या सुरापलीकडून माझे काही तुझ्यापर्यंत येत होते का? येत असावे, असे मी आता धरून चालतो, कारण मीसुद्धा तसाच झोपू लागलो आहे, आणि एखाद्या वेळी तू बोलते आहेस असे वाटते.

आज सकाळी होबर्टबरोबर खोपटात गेलो. त्याने आतच माझा दंड धरला आणि डाव्या कानापाशी तोंड आणले.

"किल्ली तुमची आहे! तुम्ही आत गेलात, अस्वल पाडलंत. कोण मागतंय ती?"

"होबर्ट, ओरडण्याची आवश्यकता नाही."

"मग ठेवा की! येऊन बसा नुसते. आम्ही तिच्याबद्दल बोलतो, ते..." तो तिथेच थांबला. त्याच्या ध्यानात आले.

चौघे एकदम बोलतात, हसतात, कोणी चुलीत लाकूड टाकतो. त्यातला एकही शब्द मला लागत नाही. मी तिथे बसलो, तर ते माझ्यासाठी एकेक करून, सावकाश, मोठ्याने बोलतील. मग ते तुझ्याबद्दल बोलणे राहणार नाही. माझ्याशी बोलणे होईल. त्यापेक्षा त्यांनी मोकळेपणी हसावे, तुझे नाव घ्यावे, आणि ते चालू आहे एवढे मला माहीत असावे.

होबर्टने टोपी काढली. तो काही बोलला असेल, तर मला ऐकू आले नाही. मग माझ्या समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाला, "खाट तिचीच राहील. कोणी झोपणार नाही तिथं."

"डेल्फा झोपेल," मी म्हटले. "तिने झोपावे."

तुझी उशी झटकून ठेवली. चूल विझली असल्याची खात्री केली. खिडकीची कडी लावली. बाहेर येऊन दाराला कुलूप घातले. ते लागल्याचा आवाज मला आला नाही, म्हणून दार दोन्ही हातांनी ओढून पाहिले. लागले होते. खाली फाटकाची साखळी अडकवली, आणि दोन्ही किल्ल्या जुडग्यासह होबर्टच्या हातात परत दिल्या.

तुझा,
एमरी